हँडब्रेक ओढलेला राहून गाडी चालली, तर मागच्या चाकांत नेमके काय होते?

नमस्कार. आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर ती आपल्याला लगेच दिसेल. आपली छोटी पेट्रोल गाडी सहा वर्षांची आहे, ४८,००० किलोमीटर चाललेली आहे, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. गेल्या रविवारी आपण मनीषनगरहून कोराडीच्या देवीला निघालात, हँडब्रेक दोन-तीन खटके वर राहिला, समोरचा लाल दिवा सीटबेल्टचा असेल असे समजून आपण तिकडे दुर्लक्ष केले आणि मानकापूर चौक ओलांडल्यावर जळका वास आला. तोवर सुमारे १२ किलोमीटर अंतर आणि ४० मिनिटे झाली होती. डाव्या मागच्या चाकातून धूर निघत होता, उजव्यातून नाही. अर्धा तास थांबून आपण परत आलात. आता वास नाही, ब्रेकही लागतो; पण डावीकडून बारीक घरघर ऐकू येते आणि हँडब्रेक पूर्ण खाली असूनही गाडी जरा ओढल्यासारखी वाटते. एका गॅरेजने चाक न काढताच दोन्ही ड्रम, सगळे लायनर (ब्रेकच्या घर्षणपट्ट्या), दोन्ही केबल, क्लचप्लेट आणि चारही चाकांचे बेअरिंग बदलण्याचा २२,५०० रुपयांचा अंदाज दिला आहे. येत्या शनिवारी आई-वडिलांना घेऊन चिखलदऱ्याला जायचे ठरले आहे, आणि त्याआधी काय करावे हे आपल्याला हवे आहे.

सक्करदऱ्याजवळ माझे लहानसे गॅरेज आहे आणि गेली २६ वर्षे मी मुख्यतः ब्रेक व सस्पेन्शनचीच कामे करतो. अशी गाडी महिन्यातून एखादी तरी येते, आणि ती घेऊन येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो की इतके किलोमीटर चालली, तर किती नुकसान झाले असेल. किलोमीटरवरून याचे उत्तर देता येत नाही. एका गाडीने याच चुकीत ३० किलोमीटर काढले आणि आत काहीच सापडले नाही, कारण हँडब्रेक एकच खटका वर होता आणि केबल आधीच सैल होती. दुसरीने जेमतेम तीन किलोमीटरमध्ये लायनरची राख केली. हँडब्रेक किती ओढलेला होता, केबल किती ताणलेली होती, लायनर नवे होते की झिजलेले, वेग किती होता, मध्ये किती वेळा पाय ब्रेकवर गेला, ब्रेक ऑइल किती जुने होते, या सगळ्यांवर चाकाच्या आत तापमान कुठवर गेले हे ठरते. नुकसान त्या तापमानाने होते, आणि ते कुठवर गेले याच्या खुणा ड्रमच्या आत राहतात. म्हणून ड्रम काढण्यापूर्वी दिलेला कोणताही अंदाज, मग तो २२,५०० चा असो किंवा ‘काही होत नाही हो, चालवा बिनधास्त’ असा फुकटचा असो, माझ्या लेखी अंदाजपंचे आहे.

आता हे घडते कसे, ते पाहू. आपल्यासारख्या गाडीत हँडब्रेकचा दांडा ओढला की एक तार ताणली जाते, ती पुढे दोन केबलींत विभागली जाते आणि प्रत्येक मागच्या ड्रममधली एक छोटी पट्टी दोन्ही ब्रेक शू, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबणाऱ्या धातूच्या कमानी, बाहेरच्या दिशेने ढकलते. पायाचा ब्रेक हेच शू ऑइलच्या दाबाने ढकलतो. हँडब्रेकमध्ये ऑइलचा संबंध नाही, सगळा खेळ तारेचा. दांडा पूर्ण ओढलेला असेल तर बहुतेक गाड्या जागच्या हलत नाहीत किंवा इंजिन बंद पडते, आणि चालकाला चूक तिथेच कळते. घात करतो तो दोन-तीन खटक्यांचा अर्धवट हँडब्रेक. इंजिनाची ओढ पुढच्या चाकांवर असते, पहिल्या गिअरमध्ये ती भरपूर असते, आणि मागची चाके थोडी अडवली तरी गाडी मुकाट्याने निघते. नागपूर सपाट आहे, हेही इथे आपल्या विरोधात जाते. चढ असता तर गाडी दमली असती आणि आपल्याला संशय आला असता. वर्धा रोडवर, एसी चालू असताना, पिकअप थोडा कमी वाटला तर माणूस दोष एसीला देतो.

किती उष्णता तयार होते, याचा ढोबळ हिशेब मी गॅरेजमधल्या पोरांना नेहमी करून दाखवतो. समजा, अर्धवट हँडब्रेकमुळे गाडीला मागे खेचणारी ओढ २० किलो वजनाइतकी, म्हणजे साधारण २०० न्यूटन होती. ही फार मोठी ओढ नव्हे. टनभर वजनाची मोकळी गाडी सपाट डांबरी रस्त्यावर नुसती हळूहळू ढकलत ठेवायलाच दहा-पंधरा किलोचा जोर लागतो. या २० किलोंविरुद्ध १२ किलोमीटर जाताना २४ लाख ज्यूल ऊर्जा घर्षणात जाते. ती ४० मिनिटांवर पसरली, तर सरासरी १,००० वॅट होते. म्हणजे पाणी तापवायचा १,००० वॅटचा रॉड ४० मिनिटे मागच्या चाकांत चालू ठेवल्यासारखे झाले. दोन ड्रमांत ही उष्णता सारखी वाटली गेली असती तर प्रत्येकाच्या वाट्याला ५०० वॅट आले असते. आपल्या गाडीत धूर फक्त डावीकडून निघाला, तेव्हा हा वाटा सारखा नव्हता, बराचसा भार एकाच ड्रमने सोसला. वाऱ्याने ड्रम काही प्रमाणात थंड होत राहतो हे खरे, पण ड्रम हा झाकलेला डबा असतो आणि डिस्कइतक्या लवकर तो उष्णता सोडत नाही. या सगळ्यात पेट्रोल मात्र पाव ते अर्ध्या लिटरच्या दरम्यानच जास्त गेले असेल, त्याची चिंता करू नये.

सर्वांत आधी सोसते ते लायनर, म्हणजे शूच्या धातूच्या कमानीवर चिकटवलेली घर्षणाची पट्टी. तिच्यात तंतू आणि भुकटी राळेने बांधलेली असते. तापमान फार वाढले की ही राळ विघटित होऊन पृष्ठभागावर येते आणि तिथे काचेसारखा कडक, गुळगुळीत थर होतो. गॅरेजच्या भाषेत लायनर ‘चमकले’. असे लायनर ड्रमला नीट धरत नाही. पायाखाली पेडल घट्ट लागते, सगळे ठीक आहे असे वाटते, आणि मागची चाके मात्र आपला वाटा उचलत नाहीत. एरवीही ब्रेक दाबताना गाडीचे वजन पुढे झुकते आणि रोखण्याचे बरेचसे काम पुढच्या डिस्कच करतात, त्यामुळे शहरात ४० च्या वेगाने चालवताना हा फरक जाणवतही नाही. ‘ब्रेक लागतो’ हे आपले वाक्य म्हणूनच मला पुरेसे वाटत नाही.

मागच्या मे महिन्यात एक गृहस्थ हिंगण्याकडून आले होते. त्यांची तक्रार आपल्यासारखीच होती, फक्त आठवडाभर जुनी. दुपारी तीनची वेळ, पत्र्याखाली उभे राहवत नव्हते. ड्रम सरळ निघेना; लाकडी ठोकळा ठेवून चारी बाजूंनी हळूहळू ठोकावा लागला. निघाला तेव्हा आतली काळी भुकटी नेहमीसारखी कोरडी नव्हती, जळक्या डांबरासारखी चिकट होती. पुढच्या बाजूच्या शूचे लायनर मध्यभागी करडे, जवळजवळ पांढरट झाले होते आणि कडेला तळहाताच्या रेषांसारख्या बारीक भेगा होत्या. मी शू उचलून अंगठ्याने कड दाबली, तर बोटभर लांबीचा तुकडा धातूपासून सुटून हातात आला. त्यांनी तो तुकडा खिशात घालून घरी नेला, बहुधा मुलाला दाखवायला. असा तुकडा चालत्या गाडीत सुटला आणि शू व ड्रमच्या मध्ये आडवा अडकला, तर ते चाक जागच्या जागी जाम होऊ शकते. त्या शूच्या समोरचा, म्हणजे मागच्या बाजूचा शू तुलनेने बरा होता. यालाही कारण आहे: गाडी पुढे जाताना ड्रमचे फिरणे पुढच्या शूला स्वतःकडे ओढून घेते आणि तो अधिक जोराने घासतो, तर मागच्या शूला तेच फिरणे मागे लोटते. म्हणून मेकॅनिक फक्त एकच शू पाहून ‘ठीक आहे’ म्हणत असेल, तर दुसराही दाखवायला सांगावे.

लायनरनंतर ड्रम. बिडाचा ड्रम फार तापून निवला की आतल्या पृष्ठभागावर निळसर-जांभळे डाग उरतात, कधी केसाएवढ्या भेगा. नुसता हलका निळा रंग असेल तर मी ड्रम लगेच टाकून देत नाही. लेथवर अगदी पातळ काप घेऊन तो गोल करता येतो. मात्र प्रत्येक ड्रमवर त्याचा कमाल व्यास कोरलेला असतो. २०० मिलिमीटरच्या ड्रमवर साधारणतः २०१ असतो. काप घेतल्यावर तो व्यास ओलांडला जाणार असेल, किंवा भेगा नखाला लागत असतील, तर ड्रम बदलावाच लागतो. ड्रम गोल राहिला नसेल तर ब्रेक दाबताना पेडल पायाखाली धडधडते, आणि हे लक्षण दोन-चार दिवसांनी जास्त स्पष्ट होते.

आतल्या स्प्रिंगांकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. पाय उचलल्यावर शू परत आत खेचायचे काम त्या करतात. तापून त्यांचा ताण गेला, की शू पूर्ण मागे येत नाहीत आणि ब्रेक कायमचा थोडा लागलेला राहतो. स्प्रिंगचा रंग जळलेला असेल किंवा वेटोळ्यांमध्ये फट दिसत असेल, तर ती जोडी बदलावी. लायनरच्या तुलनेत ही किरकोळ वस्तू आहे आणि तिच्यात काटकसर करण्यात अर्थ नाही.

आपली गाडी हँडब्रेक खाली असूनही ओढल्यासारखी वाटते, त्याचे एक कारण या स्प्रिंगा असू शकतात. दुसरे कारण मला जास्त संभवनीय वाटते, आणि ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण पुष्कळ गॅरेजांत ते ओळखले जात नाही. ड्रमच्या आत एक सेल्फ-अ‍ॅडजस्टर असतो. लायनर झिजत जाते तशी ड्रम आणि शू यांच्यातली फट वाढते, आणि हा अ‍ॅडजस्टर दातेरी चाकाच्या किंवा पट्टीच्या साह्याने एक-एक दात पुढे सरकून ती फट भरून काढतो. आता रविवारचा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. ड्रम तापला, लोखंड फुगले, व्यास वाढला. सदर, छावणी, मानकापूर या प्रत्येक सिग्नलवर आपण पायाचा ब्रेक दाबलात. अ‍ॅडजस्टरला वाटले की लायनर झिजले, म्हणून तो दात पुढे सरकला. संध्याकाळी ड्रम निवला आणि मूळ मापावर आला, पण अ‍ॅडजस्टर मागे येत नाही, तो एकाच दिशेने चालतो. आता शू आणि ड्रम यांच्यात फटच उरली नाही. हँडब्रेक तळाशी असूनही चाक घासते, घासल्याने तापते, आणि हे चक्र चालूच राहते. याची परीक्षा सोपी आहे: सकाळी गाडी थंड असताना मागचे चाक जॅकवर उचलून, हँडब्रेक सोडून, हाताने फिरवावे. मोकळे चाक दोन-तीन फेरे घेते. आपले डावे चाक बहुधा अर्ध्या फेऱ्यातच थांबेल. जॅक लावण्यापूर्वी गाडी सपाट जागेवर आणि गिअरमध्ये असावी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावाव्यात आणि गाडीखाली डोके घालू नये.

मग धूर एकाच चाकातून का निघाला? याचे उत्तर हँडब्रेकच्या मूळ दोषाकडे नेते. दोन्ही केबलींना दांडा सारखीच ओढ देतो. एकच बाजू तापली याचा अर्थ दुसरी बाजू नीट लागतच नव्हती. उजवी केबल आतून गंजून अडकली असेल, किंवा उजवीकडचा अ‍ॅडजस्टर जाम होऊन तिथली फट वाढली असेल. म्हणजे आपला हँडब्रेक बरेच दिवस एकाच चाकावर गाडी धरून होता. इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगच्या उतारावर गाडी लावत असाल, तर हे आजच तपासून घ्यावे. यात एक जुनी वाईट सवयही भर घालते. हँडब्रेक वर येऊ लागला, आठ-दहा खटके वाजू लागले, की काही जण ड्रम न काढता दांड्याजवळची केबल आवळून देतात. पाच मिनिटांचे काम, गिऱ्हाईक खूश. वस्तुतः आधी ड्रम साफ करून शूंची फट बसवायची आणि केबल सर्वांत शेवटी जुळवायची असते. नुसती केबल आवळली की एक खटका वर राहिला तरी चाक घासू लागते. किती खटके योग्य, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. छोट्या गाड्यांत ते सहसा चार ते आठच्या दरम्यान असते.

आता ब्रेक ऑइल, आणि चिखलदऱ्याचा प्रश्न इथेच येतो. प्रत्येक मागच्या ड्रममध्ये वर एक छोटा व्हील सिलिंडर असतो, त्यात रबरी वायसर असतात आणि ऑइल भरलेले असते. ड्रमची उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचते. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत आणि डॉट ४ प्रतीचे २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि आपल्याकडच्या चार पावसाळ्यांत ते काम मुकाट्याने होत राहते. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी मानकातली किमान मर्यादा डॉट ३ ला १४० आणि डॉट ४ ला १५५ अंश इतकी खाली येते. सहा वर्षांत ब्रेक ऑइल बदलल्याचे आपल्याला आठवत नाही, असे आपणच लिहिले आहे. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल स्पंजासारखे होऊन तळाशी जाते.

‘मागचेच ऑइल उकळेल ना, पुढचे ब्रेक तर आहेत’ असे कोणी म्हणेल. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत ब्रेकच्या दोन स्वतंत्र वाहिन्या तिरप्या जोडलेल्या असतात: पुढचे डावे चाक मागच्या उजव्याशी, पुढचे उजवे मागच्या डाव्याशी. एक वाहिनी फुटली तरी दुसरी गाडी थांबवू शकावी, हा त्यामागचा चांगला हेतू. परंतु दोन्ही मागचे ड्रम तापले, तर दोन्ही वाहिन्यांत एकेक तापलेले चाक येते आणि दोन्हींत वाफ शिरते. सपाट नागपुरात आपण वाचलात, कारण पुढच्या ब्रेकला फार काम नव्हते. परतवाड्यानंतरच्या घाटात, उतरताना, चार माणसे आणि सामान घेऊन, पुढच्या डिस्कही तापलेल्या असताना हीच स्थिती आली असती, तर मला हे उत्तर लिहिताना इतका निवांतपणा वाटला नसता.

व्हील सिलिंडरचे रबर कडक झाले आहे की नाही, ते बाहेरून पूर्ण कळत नाही; पण धूळरोधक टोपी किंचित उचलून पाहिली आणि आत ओले दिसले, तर सिलिंडर बदलायचा. त्यावर चर्चा नको. ऑइल लायनरवर उतरले असेल तर ते लायनरही गेले, ते पेट्रोलने धुऊन परत लावणाऱ्या मेकॅनिककडे पुन्हा जाऊ नये.

आपल्याला ऐकू येणारी घरघर बेअरिंगची असू शकते किंवा नुसत्या घासणाऱ्या शूची. शूचा आवाज अ‍ॅडजस्टर मोकळा केल्यावर जातो. बेअरिंगचा आवाज वेगाबरोबर वाढतो आणि ड्रम काढल्यावर हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) हाताने फिरवला तर बोटांना खरखर जाणवते. तापल्यामुळे ग्रीस पातळ होऊन बाहेर आले असेल, तर हबभोवती तेलकट वलय दिसते. डाव्या बाजूचे बेअरिंग बदलावे लागले, तर मला आश्चर्य वाटणार नाही. पुढच्या दोन चाकांच्या बेअरिंगचा मात्र या प्रसंगाशी काहीही संबंध नाही. क्लचप्लेटचेही तसेच: गाडी एकदा निघाली आणि पाय क्लचवरून पूर्ण उठला की क्लच घसरत नाही, मग मागे कितीही ओढ असो. सिग्नलवर निघताना त्याने थोडा जास्त भार सोसला, एवढेच. शंका असेल तर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या आसपास अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबून पाहावे. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग चढला नाही, तरच क्लचचा विषय काढावा. आपली गाडी मागच्या चाकांवर चालणारी असती, तर मी क्लचबद्दल इतक्या खात्रीने बोललो नसतो, कारण तिथे इंजिन आणि हँडब्रेक एकाच जोडीवर एकमेकांशी झुंजतात आणि चालक क्लच अर्धवट धरून गाडी रेटत राहतो. बटणावर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकच्या गाड्यांत बहुधा सीटबेल्ट लावून अ‍ॅक्सिलरेटर दिला की तो आपोआप सुटतो, म्हणून ही चूक तिथे क्वचितच होते.

त्या दिवशी आपण अर्धा तास थांबलात ते योग्यच केले. पाणी मारले नाही, हे त्याहून चांगले केले. तापलेल्या बिडावर गार पाणी पडले तर ते तडकू किंवा वेडेवाकडे होऊ शकते. थांबल्यावर सवयीने हँडब्रेक पुन्हा ओढला होता का, हे आपण लिहिलेले नाही. ओढला असेल तर तो या दुखण्यातला आणखी एक धागा आहे, कारण फुगलेला ड्रम निवताना आकसतो आणि शूंना आवळून धरतो. अशा वेळी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावणे बरे. उन्हाळ्यात वाळक्या गवतावर तर थांबूच नये. आणि चाकातून ज्वाळा किंवा दाट धूर येत असेल, तर सगळ्यांनी उतरून दूर जावे व ११२ ला फोन करावा. चाक निवण्याची वाट पाहत शेजारी उभे राहू नये.

तो लाल दिवाही एकदा पाहून घ्यावा. वर्तुळातल्या उद्गारचिन्हाचा तोच दिवा बहुतेक गाड्यांत दोन कामे करतो: हँडब्रेक लागलेला आहे हे सांगतो, आणि ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली आहे हेही सांगतो. हँडब्रेक पूर्ण सोडूनही तो जळत असेल, तर आधी बॉनेट उघडून ऑइलची डबी पाहावी.

आता कामाचा क्रम सांगतो, म्हणजे आपल्याला गॅरेजमध्ये बोलता येईल. गाडी सकाळी थंड असताना न्यावी. दोन्ही मागचे ड्रम आपल्यासमोर काढायला सांगावेत. भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नये, ओल्या फडक्याने पुसायला सांगावे, कारण ती छातीत जाते आणि जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉसही असे. लायनरवर फक्त चमक असेल आणि जाडी शिल्लक असेल, तर जाड्या पॉलिश पेपरने घासून चालेल. करडे, भेगाळलेले किंवा सुटलेले असेल तर दोन्ही बाजूंचे चारही शू एकदम बदलावेत, एका बाजूचे नाही, नाहीतर ब्रेक दाबल्यावर गाडी एकीकडे ओढते. ड्रम मोजून मगच त्याचा निर्णय. डाव्या बाजूच्या स्प्रिंगा आणि अ‍ॅडजस्टर तपासून मोकळे करणे, उजवी केबल हाताने ओढून ती सरकते का पाहणे, सिलिंडरच्या टोप्या उचलून पाहणे, आणि चारही चाकांचे ब्रेक ऑइल पूर्ण बदलून हवा काढणे. शेवटच्या गोष्टीला मी कोणत्याही परिस्थितीत हो म्हणेन, आत सगळे उत्तम निघाले तरी.

चिखलदऱ्याविषयी. आज जशी आहे तशी गाडी घाटात नेऊ नये, आई-वडिलांना घेऊन तर नाहीच. बुधवारपर्यंत काम झाले, तर नव्या लायनरांना ड्रमवर बसायला गुरुवार-शुक्रवार मिळतील. ते दोन दिवस शहरात हलका ब्रेक दाबत चालवावी. शुक्रवारी संध्याकाळी रिंगरोडवर दहा-पंधरा किलोमीटर फेरी मारून थांबावे आणि दोन्ही मागच्या चाकांजवळ, स्पर्श न करता, हाताची मागची बाजू धरून पाहावी. दोन्हीकडे सारखीच कोमट धग लागली तर शनिवारी सकाळी निघावे आणि उतरताना ज्या गिअरने चढलात त्याच गिअरमध्ये उतरावे. डावीकडे जास्त ऊब लागली तर गाडी घरी ठेवून भाड्याची करावी आणि सोमवारी तो ड्रम पुन्हा काढून घ्यावा.